वेदीवरचा सराटा

माझी बायको शाळेत खिचडी शिजवते, आणि शिजवताना ती घड्याळ बघत नाही, कडवी मोजते. आमच्या चर्चमधलं एक जुनं गीत आहे, संथ चालीचं, भरपूर कडव्यांचं. ते ती ओठ मिटून गुणगुणते. फोडणीला एक कडवं. डाळ-तांदूळ परतायला दोन. पाणी घातलं की पुढे प्रत्येक कडव्याच्या शेवटी गंजात, म्हणजे त्या मोठ्या पातेल्यात, सराटा फिरवायचा, थेट तळापासून. सराटा म्हणजे आमच्याकडचं लांब दांड्याचं लोखंडी उलथणं. गीत संपलं की झाकण, आणि तेच गीत पुन्हा पहिल्यापासून म्हणून झालं की खिचडी तयार. घरीही तीच रीत. चहाला दीड कडवं. लग्नानंतर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं होतं, "काय वं, देवाचं नाव घेऊन राह्यली का चहा मोजून राह्यली?" ती म्हणाली, "दोन्ही. तुमाले चहा पायजे ना? मंग गुमान बसा."

मी सारी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली. कारंजा लाडपासून केनवडपर्यंत एकही खड्डा असा नसेल ज्यानं माझ्या तोंडून आपला उद्धार ऐकला नाही. तापट माणूस मी. कंडक्टर म्हणायचे, हा बुवा गाडी डिझेलवर कमी आणि रागावर जास्त चालवतो. मग निवृत्त झालो आणि पंचाईत झाली. पहाटे चारला जाग यायची आणि सुरू करायला समोर काही नसायचं. मी घरातल्या न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायला लागलो. एका सकाळी नळाची तोटी खोलली, ती काही केल्या परत बसेना, आणि अंगणभर पाणी झालं. बायकोनं पदर खोचला आणि म्हणाली, "चाला माह्यासंग शाळेत. लसून सोला. येथं राह्यले तं घर मोडसान."

आमचं गाव मेडशीच्या पुढे, सोयाबीन आणि तुरीचं. शाळेतली बहुतेक पोरं कास्तकारांची. शाळेच्या मागे टिनाची स्वयंपाकाची खोली आहे आणि खोलीच्या बाहेर कडुलिंब. त्याच्या सावलीत पोतं अंथरून बायकोनं मला बसवलं आणि पुढ्यात लसणाचं टोपलं ठेवलं. एवढी मोठी गाडी हाकलेला माणूस, पाकळ्या सोलत बसलो. पहिल्या दिवशी मान शरमेनं खाली होती. दुसऱ्या दिवशी लसूण नीट दिसावा म्हणून खाली होती.

तिथंच मला तिची जोडीदारीण नीट कळली. दोघी मिळून खिचडी करतात. जोडीदारीण हिंदू, भाजीपाला पिकवणाऱ्या घरची, नाल्याकाठी त्यांचा मळा आहे. तिचे देव वेगळे, उपास वेगळे, पण गंजापाशी दोघींचं चांगलं जमतं. शाळेत बायको गीताचे शब्द मोठ्यानं म्हणत नाही, शाळा सगळ्यांची आहे म्हणते. त्यामुळे जोडीदारणीला शब्द माहीत नाहीत. चाल मात्र पाठ. तिसरं कडवं लागलं की ती न सांगता मीठ टाकते. आणि पोट्टे तर त्याहून हुशार. गुणगुणणं दुसऱ्यांदा सुरू झालं की वर्गात ताटं वाजायला लागतात. मास्तर मला एकदा म्हणाले, "तुमच्या मंडळींमुळे शेवटचा तास भिंतीलाच शिकवावा लागतो."

आता सणाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. सोयाबीन घरात आलं की आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण असतो. ज्याच्या हातून जे पिकलं त्यातलं काही आणून वेदीवर ठेवायचं. वेदी म्हणजे काय, क्रोशाचं कापड घातलेलं लांब टेबल. त्या दिवशी त्याच्यावर कोहळी असतात, सोयाबीनची पोटली असते, मेथीच्या जुड्या असतात, आणि टेबलाखाली पाय बांधलेला एखादा कोंबडा असतो, जो प्रार्थनेत नेमका आमेनच्या आधी ओरडतो. उपासना झाली की या वस्तूंचा लिलाव आणि मग सगळ्यांचं जेवण. लिलावाला चर्चमधले कमी आणि बाकीचं गाव जास्त, कारण वेदीवरून आलेलं कोहळं घरात गेलं की बरकत येते असं गावात सगळ्यांनाच वाटतं. नियम एकच आहे. वेदीवर ठेवलेली वस्तू परत उचलायची नाही. ती देवाची झाली. हवीच असेल तर लिलावात बोली लावून घ्यायची.

आम्हाला वावर नाही. अंगणात एक कढीपत्ता आहे, तोही शेजाऱ्यांच्या बकरीचा जास्त. त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी बायको बाजारातून वांगी विकत आणायची आणि टोपलीत अशी मांडायची की आताच झाडावरून तोडली आहेत. कधी जोडीदारीणच मळ्यातलं कोहळं आणून द्यायची. म्हणायची, "घेऊन जाय वं. देवाले काय समजते कोनाच्या मळ्यातलं हाय ते."

"त्याले सारं समजते," असं बायको म्हणायची, आणि कोहळं घ्यायची.

पण घरी परतताना दरवर्षी तिचा चेहरा उतरलेला असायचा. "सारे आपल्या हातचं देतात," ती म्हणायची, "मी दुसऱ्याच्या हातचं. पाह्यजा तुमी, मी देवापाशी रिकाम्या हातानंच जाईन." मी म्हणायचो, "मी बी रिकामाच येतो. दोघं संगच जाऊ, सीट तरी भेटन." ती हसायची नाही. मला कळायचं की हे तिला खरंच खातंय, पण त्यावर काय बोलावं ते मला सुचायचं नाही, आणि न सुचलं की मी विनोद करतो.

मागच्या वर्षी आमच्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले. तरुण आहेत, शिकून आलेले, बोलणं पुस्तकी पण मन साफ. कीबोर्ड वाजवतात. जेवणात माझ्या तोडीचे आहेत, म्हणून मी त्यांना फार नावं ठेवत नाही. एका रविवारी त्यांनी कोळ्यांवर प्रवचन केलं. प्रभूनं हाक मारली आणि ते कोळी हातातली जाळी तिथंच टाकून त्याच्या मागे निघाले. मग पाळकसाहेबांनी विचारलं म्हणे, तुमचं जाळं कोणतं? 'म्हणे' अशासाठी, की मी झोपलो होतो. सारी नोकरी स्टेअरिंगवर डोळा लागू दिला नाही, ती झोप मी आता रविवारी वसूल करतो. जागा झालो तेव्हा शेवटचं गीत चालू होतं आणि पलीकडे बायांच्या बाजूला माझी बायको पदरानं डोळे पुसत होती.

घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली. आल्यावर तिनं चहा ठेवला. तो उकळून उकळून काळा झाला. मी कप तोंडाला लावला आणि मला उमगलं की ती गुणगुणलीच नव्हती.

"मी खिचडी सोडतो," ती म्हणाली.

"काहून?"

"देवाचं काम करतो. पाळकसाहेबासंग बाया जातात ना गावोगाव, प्रार्थनेले, बिमार माणसाले भेटाले. मी बी जातो. वाचता येत नाही तं काय झालं, गीतं तं पाठ हायेत. आतापावतर काय केलं म्या? गंज घासले. वर गेल्यावर काय सांगू, गंज घासले म्हनून?"

माझं डोकं फिरलं. "थ्या पाळकाले इचार," मी म्हटलं, "कोळी जाळे टाकून गेले, मंग थ्यायच्या घरी चूल कोनं पेटवली? आन् थे कोळी जेवले का नाही कुठी? का हवा खाऊन मागं मागं फिरले?"

"तुमी झोपले व्हते," ती म्हणाली. "जो झोपला थ्यानं बोलू नये."

मी तो काळा चहा तसाच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं पाळकसाहेबांना सांगितलं. ते खूश झाले. "मावशी, फार मोठं पाऊल आहे हे!" मी शेजारीच उभा होतो. म्हटलं, "पाऊल मोठंच हाय साहेब, पोट्ट्यायच्या ताटातच पडून राह्यलं." ते हसले आणि म्हणाले, "काका, शाळेला दुसरी बाई मिळेल की." ते खरं होतं. शाळेला दुसरी बाई मिळालीच असती. कापणीच्या सणापर्यंत काम करायचं आणि मग सोडायचं असं ठरलं. मास्तरांना तसं सांगून झालं.

जोडीदारणीला सांगितलं तेव्हा मी लसूण सोलत होतो. तिनं हातातली मिठाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "जाय. देवाचं काम हाय तं म्या काय अडवू? पन येक सांगून जाय. तू गेल्यावर मी कोन्या कडव्यावर मीठ टाकू?" बायको गंज ढवळत राहिली. त्या दिवशी खिचडी खारट झाली. मीठ दोघींनीही टाकलं होतं.

मला भीती वाटायला लागली. स्पष्टच सांगतो. बायको प्रार्थनेला जाणार याची नाही, ते चांगलंच काम आहे. पण मी नुकताच गाडी सोडून बसलो होतो. हातातलं काम गेलं की माणसाचं काय होतं ते मला ताजं ताजं माहीत होतं. आणि मी निदान नळ खोलले, शेजाऱ्यांशी भांडलो. ही तसलं काही करणार नव्हती. ही आतल्या आत बसून राहणार होती, आणि तिथं मला उतरता येत नाही. त्यातून माझं मत असं होतं की तिला प्रार्थनेची ओढ लागलेली नाही, तिला तिच्या गंजाची लाज वाटायला लागलेली आहे. ही लाज कुठून आली ते मला कळत नव्हतं. मी तिला म्हणून बघितलं, "अवं, प्रभू मेल्यातून उठला, आन् पहिलं काय केलं? काठावर इस्तो पेटवला, मासे भाजले, भाकर ठुली, आन् थ्याच कोळ्यायले म्हटलं, या रे, जेवा. देव सोता रांधून राह्यला, आन् तुले लाज वाटते?"

तिनं डोळे मोठे केले. "हे तुमाले कसं ठाऊक?"

"शास्त्रात जेवनाचा इषय आला की मी जागा असतो."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. पण लगेच म्हणाली, "प्रभूनं येकदा रांधलं म्हनून लिहून ठुलं. मी रोज रांधतो, थे कोन लिहिते?" आणि ती भांडी घासायला निघून गेली. मी त्यानंतर समजावणं सोडलं.

सण आला. आदल्या दिवशी जोडीदारीण कोहळं घेऊन दारात. बायकोनं ते घेतलं नाही. "औंदा माह्यापाशी सोताचं हाय," ती म्हणाली. मला वाटलं, हिनं कढीपत्ताच उपटला की काय. सकाळी बघतो तर ती सराटा घासत बसलेली. तो सराटा शाळेचा नव्हता, तिचाच होता. शाळेचा आखूड होता, वाफेनं हात भाजायचा, म्हणून तिनं लोहाराकडून हा मापानं करून घेतला होता. राखेनं घासून घासून तिनं तो असा लख्ख केला की पात्यात तोंड दिसावं. मग धुतलेल्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळला. मला आता सगळं कळलं. पाळकसाहेबांनी विचारलं होतं ना, तुमचं जाळं कोणतं. हे तिचं जाळं होतं आणि ती ते टाकायला निघाली होती.

चर्च भरलं होतं. चर्चमधल्या घरांचे केनवडकडचे जावईसुद्धा लेकीबाळींसह एसटीनं आले होते. पाळकसाहेबांनी त्या दिवशी एक कौतुकाची घोषणा केली होती, की आज बायांनी आत बसून उपासना ऐकायची, मागच्या मांडवातली चूल पुरुष सांभाळतील. वरणाचा मोठा गंज जावईमंडळींच्या हवाली झाला. जावयांना आमच्याकडे कोणी हलवा म्हणत नाही, आणि हलायची त्यांनाही सवय नाही. ते गंजाभोवती खुर्च्या टाकून राजकारणावर बोलत बसले. हे मी आत जाताना बघितलं होतं.

अर्पणाची वेळ झाली. एकेक जण पुढे जाऊन आपापलं ठेवत होता. बायको गेली. दोन कोहळ्यांच्या मध्ये तिनं ते पांढरं कापड उलगडलं आणि सराटा ठेवला. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कोणीतरी मागून खुदकन हसलं. पाळकसाहेबांना मात्र कळलं. त्यांनी त्या सराट्यासाठी वेगळी प्रार्थना केली. ती परत येऊन बसली तेव्हा ताठ बसली होती, पण तिचे हात मांडीवर उघडे पडले होते, आणि मला ते बघवेना.

मग गीत सुरू झालं. तेच, तिचं. पाळकसाहेबांनी कीबोर्डवर जुनी संथ चाल धरली. पहिलं कडवं संपलं आणि तिचा उजवा हात मांडीवर हलला. सवयच ती. मागून मांडवातून खरवडल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही. दुसरं कडवं संपलं. पुन्हा तिचा हात हलला. मागे नुसतं जावयांचं हसणं. तिसरं कडवं लागलं तशी तिनं मान वळवली आणि बाजूच्या दाराकडे बघायला लागली. गात होती, पण लक्ष दारात. मी म्हटलं, आता ही काही बसत नाही. आणि चौथं कडवं अर्ध्यात आलं असेल, तेवढ्यात तिला तो वास आला. तळाला डाळ धरायला लागल्याचा, पहिला पहिला, अजून वेळ गेलेली नाही असा.

ती उठली. आधी सरळ दाराकडे निघाली, मग थांबली, आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि वळून थेट वेदीकडे गेली. सगळं चर्च गात होतं आणि सगळं चर्च बघत होतं. तिनं वेदीपुढे हात जोडले, कोहळ्यांच्या मधून सराटा उचलला आणि बाजूच्या दारानं बाहेर. गाणं अडखळलं. पाळकसाहेबांची बोटं कीबोर्डवर थबकली. टेबलाखालचा कोंबडा ओरडला. आणि मागून तिचा आवाज आला, "सरका! जावई असान तं आपल्या घरी! डोळ्यासमोर वरन लागून राह्यलं आन् तुमी मंत्री ठरवून राह्यले!" मग सराट्याचा आवाज. खर्र. तळापासून.

पाळकसाहेबांनी पुन्हा सूर धरला आणि आम्ही पुढचं कडवं म्हटलं. ते संपलं, आणि मागून खर्र. पुढचं संपलं, खर्र. पुढचं संपलं, खर्र. कडव्याचा शेवटचा शब्द आम्ही आत म्हणायचो आणि तिचा सराटा बाहेर उत्तर द्यायचा, एकदाही मागेपुढे नाही. हळूहळू लोक कडवं संपलं की क्षणभर थांबायला लागले, तो आवाज ऐकून मग पुढचं उचलायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लसूण सोलताना मला पाणी येत नाही, त्यामुळे दुसरं काही सांगण्याची सोय नव्हती. मला फक्त एवढं वाटत होतं की हे गीत मी इतकी वर्षं अर्धंच ऐकत होतो.

उपासना संपली. वरण वाचलं होतं. लिलावाला गाव जमलं आणि पाळकसाहेब लिलाव पुकारायला उभे राहिले. एवढा सभ्य लिलाव मी कुठं बघितला नाही. "आणखी कोणी, कृपया?" असं ते प्रत्येक कोहळ्याला विचारत होते. सगळं गेलं, कोंबडाही गेला, आणि वेदीवर नुसतं पांढरं कापड उरलं. पाळकसाहेब त्याच्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "यावर सराटा होता."

"गंजात हाय," कोणीतरी म्हणालं.

बायको मागून आली. सराटा वरणानं माखलेला, टोकातून थेंब गळत होते. ती मान खाली घालून म्हणाली, "साहेब, वेदीवरचं उचललं म्या. चुकलं माह्यं." पाळकसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं तरी घेतला. "मावशी, आधी लिलाव होऊ द्या," ते म्हणाले आणि त्यांनी सराटा उंच धरला.

मी बोली लावली. मागून एका बाईनं चढवली. मी चढवली. ती पुन्हा वर गेली. माझा तापट स्वभाव जागा झाला. माझ्या बायकोचा सराटा, आणि ही कोण टपकली? मी मागे न बघता बोली वाढवतच गेलो, गाडी घाटात चढवावी तसा. ती बाईही मागे हटेना. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. शेवटी मी एवढी मोठी उडी मारली की मागे शांतता झाली, आणि मग ओळखीचा आवाज आला, "घ्या बापा, ठुवा तुमच्यापाशीच! मी तं तिच्यासाठीच घेऊन राह्यली व्हती!"

जोडीदारीण होती. दोघांनी एकमेकांना चढवून चढवून देवाचं भलं केलं. तेवढ्या पैशात दोन नवे सराटे आणि वर एक कढई आली असती, असं बायको मला अजून ऐकवते.

मी पुढे जाऊन सराटा घेतला. आता काय बोलावं? मला तिला 'काम सोडू नको' असं म्हणायचं होतं, आणि ते म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण तिचा देव आणि तिचं काम हा तिचा प्रश्न. मग नेहमीसारखा विनोद केला. "चांगला भेटला," मी म्हटलं. "घरी भिंतीवर टांगतो. पाठ खाजवाले कामी येईन."

"आना इकडं!" तिनं माझ्या हातातून तो हिसकावलाच. "म्हने पाठ खाजवाले! उद्या सोमवार हाय. पोट्ट्यायची खिचडी काय हातानं ढवळू?"

बोलून गेली आणि मग तिनं स्वतःच ते ऐकलं. सराटा छातीशी धरलेला, तोंड उघडं. जोडीदारीण खदखदून हसायला लागली. बायकोनं पाळकसाहेबांकडे बघितलं. तेही गोंधळले होते, शर्टावरचं वरण पुसत होते. म्हणाले, "मावशी, मग मंगळवारची प्रार्थनेची फेरी...?"

"येतो ना," ती म्हणाली. "सांजच्याले. खिचडी झाल्यावर, गंज घासून."

"या," पाळकसाहेब म्हणाले. "आणि मावशी, आता वाढता का? फार भूक लागली आहे."

घरी परतताना तिनं सराटा पदराला पुसला. मग हळूच म्हणाली, "खरंच सांगा. वेदीवरचं उचललं, पाप लागन का?"

"तुह्या नाकात वास कोनं घातला?" मी विचारलं. "मले तं आला नव्हता आंधी. चर्चमधी कोनालेच आला नव्हता."

ती चालत राहिली. मग सराट्याकडे बघून म्हणाली, "हा आता माहा नाही, हा देवाचा हाय. मी नुसता वापरतो."

"मंग देवाले सांग, दांडा हालून राह्यला. जरा ठोकून दे म्हना."

"थे तुमी करा," ती म्हणाली. "नळ तं नाही जमला, हे तरी जमते का पाहू."

जमलं. मी दांडा ठोकून घट्ट करून दिला.

सोमवारी सकाळी मी खाटेवर चहा पीत बसलो होतो. चहा बरोबर दीड कडव्याचा होता. ती केस बांधून, चपला घालून दारात पोचली आणि मला राहवेना. म्हटलं, "काय वं, चालली का रिकाम्या हातानं?"

ती दारात वळली. मारायला उगारावा तसा तिनं सराटा माझ्यापुढे धरला. "डोळे फुटले का?" म्हणाली, आणि गुणगुणत शाळेकडे चालायला लागली.